शिंपले पुन्हा तपासणाऱ्या इंगळे मॅडम

डॉ. प्रमिला इंगळे यांना मी प्रथम भेटलो तो अमरावतीच्या महाविद्यालयात, संशोधनासाठी मार्गदर्शक शोधत असताना. मॅडम प्रयोगशाळेत उभ्या होत्या. त्यांना निवांत बसलेले मी आजही फारसे पाहिलेले नाही.

मॅडम मूळच्या हिवरखेडच्या. तरुणपणी त्यांनी किनाऱ्यावरच्या खाऱ्या सरोवरांत तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांचा अभ्यास केला. चिखलात रुतून राहणारे हे शिंपले तळाच्या गाळातले विष अंगात साठवतात. गाळातले सगळेच विष जिवाला बाधत नाही. किती बाधते, ते शिंपला सांगतो, असे मॅडम शिकवत. वऱ्हाडात परतल्यावर त्यांनी तलावांतले गोड्या पाण्याचे शिंपले अभ्यासाला घेतले.

तिवशाजवळचा एक तलाव उन्हाळ्यात आटला, की भाजीवाले माळी तिथला गाळ खत म्हणून मळ्यांत नेत. तलावाला मिळणाऱ्या नाल्यावर शिशासाठी जुन्या बॅटऱ्या फोडण्याची शेड सुरू झाल्याचे कळले आणि मॅडमना स्वस्थ बसवेना. शिंपले मी गोळा केले, तपासणीही मीच केली. चारी बाजूंच्या शिंपल्यांत शिसे निघाले. मॅडम त्याच दिवशी तलावावर गेल्या आणि त्यांनी माळ्यांना गाळ नेऊ नका, असे सांगितले.

वांगी-मिरची पिकवणारे तुळशीरामभाऊ भडकले. "पाऊस आला का गाळ पाण्याखाली जाईन. मंग आमी मळ्यात का तुमचे कागद टाकाव?"

गाळाचे ट्रॅक्टर थांबले. पण परतल्यावर मॅडम माझी वही पुन्हा पुन्हा चाळत राहिल्या. "नाला एका बाजूला, आणि शिसे सगळीकडे सारखेच कसे?" मग त्यांनी विचारले, "शिंपले आधी स्वच्छ पाण्यात ठेवले होते ना?"

मी ठेवले नव्हते. दोन दिवस तसे ठेवले, की शिंपल्याच्या पोटातला चिखल बाहेर पडतो. नाहीतर त्या चिखलातले, अंगात न भिनलेले शिसेही मोजले जाते. मी तसे कबूल केले. मॅडम रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या तलावावर गेल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भाऊ, चूक माही आहे. मी घाई केली. मले आठ दिवस द्या." माझे नाव त्यांनी घेतले नाही. मीही तोंड उघडले नाही.

त्या आठ दिवसांत मॅडम धड जेवल्या नाहीत. ढग दिसला की खिडकीशी जात. नवे शिंपले त्यांनी स्वतः वेचले. या वेळी नाल्याच्या तोंडाशी शिसे खरोखरच निघाले. समोरच्या काठाला ते नावापुरते होते. मॅडमनी मधोमध झेंड्या रोवून घेतल्या. चांगल्या बाजूचा गाळ पावसाआधी मळ्यांत पोचला. शेडविरुद्धच्या अर्जावर पहिली सही तुळशीरामभाऊंनी केली. शेड हलली, पण ती गेली कुठे, या काळजीने मॅडम अजून अकोल्यापर्यंतचे नाले पाहत फिरतात.

मॅडमना आता साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणारा हा गौरवग्रंथ तुळशीरामभाऊंच्याही हाती जाईल, म्हणून लिहून देतो: ती चूक मॅडमची नव्हती, माझी होती. हे छापलेले पाहून मॅडम माझ्यावर नक्की रागावतील. त्यांना रागवायला, हिंडायला आणि आम्हाला कामाला लावायला निरोगी, भरभरून आयुष्य मिळो, ही माझी आणि आम्हा सर्व विद्यार्थ्यांची मनापासूनची इच्छा.