नापास केलेले वसंतराव

रोह्याहून शालूचा फोन आला तेव्हा मी पेणला गच्चीवर पोह्याचे पापड वाळत घालत होते. "ताई, हे गेले गो," एवढंच म्हणाली. शालू माझी धाकटी बहीण, आणि गेले ते तिचे यजमान वसंतराव. आणि खरं सांगू? त्याही क्षणी मेल्या मनात आलं, जन्मभर अंथरुणात आयता चहा मिळाला हिला... आता कोण देणार?

मुळात ते मला बघायला आले होते. सगळ्यांना स्थळ पसंत होतं. मीच पोह्यांची बशी पुढे केली आणि आत येऊन आईला म्हटलं, "मिलिटरीवाला नको बाई. वर्षातून एकदा येणारा नवरा काय करायचाय?" दाराआडून बघणारी शालू पटकन म्हणाली, "मला चालेल." झालं! मी कंपनीत शिफ्ट करणारा नवरा केला. तो रोज घरी यायचा खरा, पण यायचा तो झोपायलाच.

मिलिटरीतून सुटल्यावर वसंतरावांनी रोह्यात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुपार झाली की शटर ओढून पाटी अडकवायचे, 'जेवायला घरी गेलो आहे'. नागोठण्याहून एसटीने मशीन घेऊन आलेली बाई पायरीवर ताटकळायची. कुणी कुरकुरलं तर म्हणायचे, "शालू एकटी जेवत नाय हो." इकडे आमचे हे नाईटवरून आले की टोप रिकामा करून विचारायचे, "तुझं झालं ना?" (वाचतील तर वाचू देत!)

शालूला हाताला मासळीचा वास नको, म्हणून मागच्या पडवीत उकिडवे बसून बोंबील तेच साफ करायचे. मुलींच्या वेण्याही तेच घालायचे, पार मिलिटरी शिस्तीत. इतक्या घट्ट की पोरींच्या भुवया वर चढायच्या. मी बघायची आणि आतल्या आत जळायची. वर मलाच चिडवायचे, "ताईंनी आम्हाला नापास केलं!" सगळे हसायचे. मी सगळ्यात मोठ्याने.

परवा पुन्हा रोह्याला गेले. शालूला घास उतरत नव्हता. मी ताट घेऊन जवळ बसले, तर तिने माझा हात धरला. म्हणाली, "ताई, तू नाय म्हणालीस म्हणून मला ते मिळाले. कधी बोलले नाय तुला... पण देवापुढे दिवा लावताना रोज तुझं नाव घ्यायची."

आणि रडायला लागली. मोकळी, हक्काने, घर भरून. मला तिचा हेवा वाटला. त्या रडण्याचासुद्धा. बहिणीच्या नवऱ्यासाठी बाईने जेवढं रडायचं असतं, तेवढं माझं तेराव्यालाच रडून झालं होतं. मग मी उठले आणि तिची आमटी पुन्हा गरम करायला ठेवली.