के-किंगची डावी नळी

१९४४ च्या जूनमध्ये माझं पोस्टिंग बंगालमधल्या एका हेवी बॉम्बर स्क्वॉड्रनला झालं. स्क्वॉड्रन गोऱ्यांची, आम्ही अकरा हिंदी एअरमेन तिथे अटॅच होतो. माझी रँक एलएसी, म्हणजे तळापासून मोजायला सोपी. ट्रेड इन्स्ट्रुमेंट रिपेअरर, वय वीस. मी कोकणातला, रेवदंड्याजवळचा बेने इस्रायली, म्हणजे ज्यू. गावात आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण आमचा घाणा शनिवारी बंद असे. नाव सॅम्युएल, आठवड्याभरात त्याचं सॅम झालं.

टोरंटोतल्या आपल्या मराठी लोकांच्या पिकनिकला दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतं, "सॅम अंकल, तुम्ही वॉरमध्ये होता ना? काहीतरी एक्सायटिंग सांगा ना." मी पूल उडवल्याच्या गोष्टी सांगून वेळ मारून नेत आलो. यंदा एकसष्ट पूर्ण झाली. आता झालं ते लिहितो. वाचून माझ्याबद्दल कोणाचं मत बदललं तर बदलू दे.

माझ्या ताब्यात एक विमान होतं. लिबरेटर, चार इंजिनं, आठ माणसं, कॉल-साइन के-किंग. ब्रह्मदेशातले रेल्वेपूल आणि धक्के यांवर बॉम्ब टाकून परत यायचं. जाऊन-येऊन बारा ते चौदा तास. प्रत्येक फेरीनंतर नाकावर एक पिवळा बॉम्ब रंगवायचा. मी गेलो तेव्हा एकोणीस होते, सप्टेंबरअखेर एकतीस झाले.

रोजचं काम सांगतो. ०४३० ला उठणं. विमानातली सगळी घड्याळं, म्हणजे वेग, उंची, दिशा दाखवणारी यंत्रं, तपासणं. मग फॉर्म सेव्हन हंड्रेडवर सही. प्रत्येक ट्रेडच्या माणसाने आपापल्या रकान्यात सही केल्याशिवाय विमान हलत नसे. ऑगस्टमध्ये एकदा के-किंग परत आलं तेव्हा पुढच्या टरेटमधला, म्हणजे काचेच्या घुमटातला, गनर मेलेला होता. आम्ही त्याला बाहेर काढलं, पेट्रोल आणि चिंध्यांनी टरेट पुसला. तिसऱ्या दिवशी त्या जागेवर नवा मुलगा बसला. त्याने विचारलं, "इथे वास कसला येतोय?" फिटर म्हणाला, "पेट्रोलचा." ते खोटं नव्हतं.

कॅप्टन होता फ्लाइंग ऑफिसर हॅरल्ड वेबर. कॅनडाचा, किचनरजवळच्या शेतावरचा, चोवीस वर्षांचा. टेल गनर सार्जंट अर्ल क्राऊस त्याच गावचा. दोघांच्या घरांमध्ये दोन शेतांचं अंतर. वेबर फार बोलत नसे. आईने पाठवलेल्या सफरचंदाच्या मुरंब्यातला अर्धा डबा मात्र न चुकता आम्हा ग्राउंड क्रूला देत असे.

आता नळीविषयी. विमानाच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना बोटाएवढी एकेक नळी असते. तिच्यात वारा शिरतो आणि त्यावरून वेगाचा काटा चालतो. डावी नळी कॅप्टनच्या काट्याची. बंगालमध्ये या नळीचा वैरी जपानी नव्हता, कुंभारीण माशी होती. आपल्या खिडकीच्या कोपऱ्यात मातीचं घर बांधते तीच. उघडी नळी दिसली की तासा-दोन तासांत ती चिखलाने बुजवून टाकते. म्हणून नळीवर कॅनव्हासचं कव्हर असे आणि इंजिनं सुरू व्हायच्या क्षणीच ते निघे. मी दोन्ही कव्हरं काढून विमानासमोर उभा राही, हात वर करून दाखवी, वेबर अंगठा दाखवी. उड्डाण लांबलं तर कव्हरं परत चढवायची, पुन्हा तपासायचं, पुन्हा सही करायची.

सप्टेंबरच्या शेवटी आमचा दार फाळणीचा सण आला. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत कडक उपास, पांढरे कपडे, काम नाही, लिहिणं नाही. मी फ्लाइट सार्जंटकडे सुट्टी मागितली. त्याला आम्ही चीफी म्हणायचो.

"युद्धाला सुट्टी असते का रे?" तो म्हणाला.

वेबर जवळच उभा होता. "चीफी, त्याला दिवस दे."

"काही चुकलं तर, सर?"

"विमान माझं आहे. मी बघीन."

सुट्टी मिळाली. आदल्या दिवशी १६०० ला मी सगळं तपासलं. सण लागल्यावर लिहिता येणार नव्हतं, म्हणून सूर्य बुडण्याआधी फॉर्मवर दुसऱ्या दिवसाच्या रकान्यातही सही करून टाकली. असं करायचं नसतं. माझ्या शेजारच्या खाटेवर साताऱ्याचा जयराम पवार असे. तो इलेक्ट्रिशियन, नळीशी त्याचा संबंध नाही. त्याला सांगितलं, "पाच-चाळीसला कव्हरं काढ आणि कॅप्टनला दाखव."

"एवढंच ना? काढतो की," जयराम म्हणाला.

उड्डाण लांबलं तर काय करायचं, हे सांगायचं राहिलं.

सकाळी ०५४० ला जयरामने कव्हरं काढून दाखवली. ०५५५ ला टॉवरवरून लाल दिवा. टार्गेटवर ढग होते, पुढच्या हुकमापर्यंत थांबा. क्रू पंखाखाली चहा पीत बसला. मी आमच्या बांबूच्या झोपडीत चटईवर उपाशी बसलो होतो. सहा वाजले, इंजिनांचा आवाज आला नाही. उड्डाण लांबलं, मला कळलं. सव्वासहा झाले, सात झाले, ऊन वर आलं. कव्हरं काढलेली असणार हे मला ठाऊक होतं. जयरामला परत घालायचं सुचणार नाही हेही ठाऊक होतं. डिस्पर्सल, म्हणजे विमान उभं असायची जागा, दहा मिनिटांच्या वाटेवर होता.

मी उठलो नाही. सणाचं कारण सांगू शकतो, पण ते खरं नाही. जीव वाचवायला सण मोडायचा असतो, हे मला आजोबांनी लहानपणीच शिकवलं होतं. खरं कारण एवढंच की सुट्टीसाठी मी हट्ट केला होता, आणि सकाळीच लाइनवर गेलो असतो तर चीफी हसला असता. "का रे सॅम, संपला देव?" ते हसू मला नको होतं. त्यासाठी मी चार तास बसून राहिलो.

फॉर्मवर माझी सही होतीच, त्यामुळे पुन्हा कोणी तपासलं नाही. १०३८ ला के-किंग रनवेवर आलं.

"के-किंग, क्लिअर टू टेक ऑफ."

"के-किंग, रोलिंग."

पोटात आठ हजार पौंड बॉम्ब आणि चौदा तासांचं पेट्रोल. १०४१ ला वेबरचा आवाज टॉवरने ऐकला.

"के-किंग, नो एअरस्पीड. अबॉर्टिंग."

तेवढ्या लांबीत ते विमान थांबणं शक्य नव्हतं. रनवे संपला, नाला लागला, विमान मोडलं आणि पेटलं.

मी पांढऱ्या कपड्यांत धावलो. सकाळी जो उठला नाही तो आता धावत होता. फायर टेंडर दोनशे यार्डांवर थांबवला होता. बॉम्ब कधीही फुटले असते. नाक तुटून आगीपासून लांब भातखाचरात पडलं होतं, वेबर आणि को-पायलट त्यातच मेलेले होते. शेपूट आगीच्या बाजूला होतं. टेल टरेट अडकला होता आणि क्राऊस जिवंत होता. तो ओरडत होता. शब्द कळत होते, ते लिहीत नाही.

डावी नळी जशीच्या तशी होती. तोंडावर ओली, राखाडी माती. मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो आणि बांबूच्या काडीने ती माती उकरून काढली. आत माशीने पिलांसाठी साठवलेले दोन कोळी होते. तेही काढले. खाचराच्या पाण्यात नळी धुतली. क्राऊसचा आवाज येत असताना मी हे केलं. १०४९ ला पहिला बॉम्ब फुटला, मग आवाज आला नाही.

रात्री जयरामने विचारलं, "सॅम, ती कव्हरं परत घालायची होती का?"

"नाही," मी म्हणालो. त्याला वाचवलं, अशी मी अनेक वर्षं स्वतःची समजूत घातली. मी स्वतःला वाचवत होतो. जयराम नातवंडं बघून, शांत मनाने गेला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी तीन दिवसांनी बसली. उजवी नळी नाकाखाली चिरडली गेली होती. डावी नळी टेबलावर मीच आणून ठेवली. ग्रुप कॅप्टनने ती उजेडाकडे धरली.

"साफ आहे."

"येस सर."

"म्हणजे काटा चालत होता."

"येस सर."

निकाल आला: कॅप्टनने काटा चुकीचा वाचला, उड्डाण रद्द करायला उशीर केला, चूक त्याची. तेच कॅनडाला कळवलं गेलं.

पुढे स्वातंत्र्य आलं. मी आपल्या वायुसेनेत पेन्शनीपर्यंत नोकरी केली, आणि १९७१ मध्ये बायको रिबेका आणि मुलीबरोबर टोरंटोला आलो. एका कारखान्यात गेज दुरुस्त करायचं काम मिळालं. किचनर गाडीने दीड तासावर. दोन वर्षं मी त्या दिशेला गाडी वळवली नाही. मग ऑटावाच्या एका संग्रहालयात लिबरेटर उभं असलेलं पाहिलं. ते आपल्याच वायुसेनेने भेट दिलेलं. मी नाकाजवळ गेलो आणि डावी नळी बघितली. पुढच्याच रविवारी किचनरला गेलो.

दार वेबरच्या बहिणीने, मार्गरेटने उघडलं. मी म्हटलं, हॅरल्डच्या विमानाचा मेकॅनिक. तिने आत हाक मारली, "मॉम, हॅरीचा माणूस आलाय." लुईझा वेबर तेव्हा ऐंशीच्या घरात. तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. स्क्वॉड्रनमधून तिच्याकडे आलेला मी पहिला माणूस.

तिथे मला कळलं, त्या निकालाने काय केलं ते. गावच्या चर्चमध्ये युद्धात गेलेल्यांची पितळी पाटी होती. अर्ल क्राऊसचं नाव होतं, हॅरल्डचं नव्हतं. क्राऊसच्या आईने सांगितलं होतं की माझ्या मुलाला मारणाऱ्याचं नाव त्याच पाटीवर बसणार असेल तर माझ्या मुलाचं काढा. गावाने तिचं ऐकलं. तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नव्हती. लुईझा दर रविवारी त्या पाटीसमोर बसायची.

"मरायच्या आधी तेवढं नाव लागलेलं बघायचंय," ती म्हणाली. "सॅम, तू तिथे होतास. माझ्या मुलाने चूक केली का?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच मी आलो होतो. उत्तर तयार होतं. मी म्हणालो, "तो फार चांगला पायलट होता, मिसेस वेबर." तिने मला ॲपल पाय वाढला. मी खाल्ला.

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. मी पुन्हा गेलो, पुन्हा पुन्हा गेलो. हिवाळ्यात महिन्यातून दोनदा जाऊन तिचा ड्राइव्हवे साफ करायचो.

रिबेका म्हणायची, "त्यांचा ड्राइव्हवे शोव्हल करायला एवढा ड्राइव्ह करून जाता, आणि आपल्या दारात गुडघाभर स्नो! कोण लागते हो ती तुमची?"

"जुनी ओळख," मी म्हणायचो.

प्रत्येक वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं. प्रत्येक वेळी ती म्हणायची, "सॅम, तू देवमाणूस आहेस," आणि मी शोव्हल उचलून बाहेर जायचो. देवमाणूस म्हणवून घ्यायला गोड लागतं. चार हिवाळे मी ते गोड खाल्लं. पाचव्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, ती गेली. पाटी होती तशीच होती.

दफन झाल्यावर, तिच्याच स्वयंपाकघरात, मी मार्गरेटला सगळं सांगितलं. वरातीमागून घोडं. माझी सही, माझं बसून राहणं, माती, काडी, सगळं. ती सिंकजवळ उभी होती. तिने चालू नळ बंद केला.

"चार विंटर्स," ती म्हणाली. "तू तिच्या टेबलावर जेवलास."

"हो."

"तिने तुला विचारलं होतं. माझ्यासमोर विचारलं होतं."

"हो."

तिने कागद आणि पेन आणून ठेवलं. "लिही. आणि सही कर."

मी लिहिलं. रविवारी चर्चमध्ये उभं राहून ते वाचलंही. कोणी ओरडलं नाही, कोणी बाहेर गेलं नाही. वाचून झाल्यावर अर्लची आई काठी टेकत माझ्यापर्यंत आली. नव्वदीला आलेली बाई.

"मी लुईझाच्या फ्युनरलला गेले नाही," ती म्हणाली. "दोन शेतांवर घर. खिडकीतून गाड्या बघत बसले." मग तिने विचारलं, "माझा अर्ल लगेच गेला ना?"

"लगेच," मी म्हणालो.

तेवढं खोटं मी मागे घेतलेलं नाही. हे मराठीत लिहितो आहे, ते तिच्यापर्यंत जाणार नाही.

मे महिन्यात हॅरल्डचं नाव पाटीवर लागलं. मार्गरेटने मला बोलावलं, शेजारी उभं केलं, फोटो काढू दिला. कार्यक्रम संपल्यावर पार्किंग लॉटपर्यंत सोडायला आली. गाडीचं दार तिने स्वतः लावलं आणि काचेतून म्हणाली, "थँक यू फॉर कमिंग. आता परत येऊ नकोस." मी गेलेलो नाही.

के-किंगवर त्या सकाळी होते ते असे. कॅप्टन हॅरल्ड वेबर. को-पायलट टॉम एलिस. नेव्हिगेटर जॉर्ज हार्वे. बॉम्ब एमर पीटर लॉसन. वायरलेस ऑपरेटर डेव्हिड रीस. फ्लाइट इंजिनिअर जॅक मर्सर. पुढचा गनर बिली नॉक्स, वय एकोणीस. टेल गनर अर्ल क्राऊस.

नववं नाव लुईझा वेबर. ती विमानात नव्हती.