ताईबाईची साक्ष

ज्ञानेश्वर केळीच्या ट्रकवर गेला, तेव्हा त्याची रूपल अजून रांगत होती. शिरपूर तालुक्यातल्या त्या तापीकाठच्या गावात केळी भरायला आलेल्या ट्रकसोबत दिल्लीपर्यंत जाणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. माल उतरवायचा, मजुरी घ्यायची आणि परत यायचं. तो याआधीही दोनदा जाऊन आला होता. या खेपेला माल दिल्लीच्याही पुढे जायचा होता. पानिपतच्या पुढे एका ढाब्यावर ट्रक थांबला, तो तोंड धुवायला म्हणून उतरला आणि पुन्हा ट्रकवर चढलाच नाही. ड्रायव्हरने बरीच वाट पाहिली, हाका मारल्या. मागे केळी पिकत होती. शेवटी तो निघून गेला.

घरात मागे राहिल्या तिघी. ज्ञानेश्वरची आई ताईबाई, बायको पुनम आणि रूपल. ताईबाईचा नवरा सुकदेव आधीच वारला होता, आणि जमीन ज्ञानेश्वरच्या एकट्याच्या नावावर चढली होती. पोलिसांनी हरवल्याची नोंद घेतली, फोटो घेतला. पुनमचा भाऊ पानिपतपर्यंत जाऊन हात हलवत आला.

पहिली काही वर्षं कोणी विचारलं की ताईबाई म्हणायची, "कामले गया शे मना ज्ञाना." पुढे लोकांनी विचारणं सोडलं.

जमीन कसत होता लीलाधर, ताईबाईच्या मोठ्या दिराचा मुलगा. घरात पुरुष माणूस नाही, म्हणून त्याने नांगर घातला, तेव्हा ते उपकारासारखंच वाटलं होतं. हंगाम झाला की तो दोन-चार पोती जोंधळा आणून टाकी. हळूहळू पोती कमी झाली. बांधावरचं निंबाचं झाड त्याने विचारल्याशिवाय तोडून विकलं. पुनम भांडायला गेली, तर तो शांतपणे म्हणाला, "वहिनी, जमीन भाऊची शे. भाऊ येईल, मंग आम्ही दोघं बोलूत. तुमना काय संबंध?"

तलाठ्याकडे गेली, तर तलाठी म्हणाला, मृत्यूचा दाखला आणा. ग्रामपंचायत म्हणाली, माणूस मेला कुठे? पुनमला कपाळावरचं कुंकू पुसता येईना की त्या कुंकवाचा काही आधार मिळेना. अखेर आठव्या वर्षी ती तालुक्याच्या कोर्टात हितेंद्र वकिलाकडे गेली. त्यांनी समजावून सांगितलं, "ज्यांना त्याची खबर लागायला पाहिजे, त्यांना सात वर्षं ती लागली नाही, तर कायदा माणसाला मेलेला धरतो. कोर्टाने तसं म्हटलं की मग वारसांची नावं. पण साक्ष तुमची एकट्याची चालणार नाही. मुलगा जगाच्या पाठीवर कुठेही असला, तरी आईला कळवल्याशिवाय राहत नाही. आईने येऊन सांगायला हवं."

पुनमने घरी येऊन सांगितलं. ताईबाई ज्वारी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"कोनी देखं त्याले मरतांना?"

"कोणीच नाही, आत्या." पुनम सासूला आत्याच म्हणायची. ती माहेरची जळगावची, तिची बोली थोडी शहरी. "पण तो येणार नाही. तुम्हालाही माहीत आहे."

ताईबाईने सूप पुन्हा उचललं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं चहा आणि भाकरीपुरतं उरलं.

ताईबाई हट्टी होती म्हणून अडून बसली होती, असं गाव म्हणे. खरं कारण वेगळं होतं आणि ते पुनमलाही ठाऊक नव्हतं. ज्ञानेश्वर जाऊन तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. पुनम कापसाच्या जिनिंगवर कामाला गेली होती. भर दुपारी घरातला फोन वाजला. नंबर अनोळखी. ताईबाई "कोन?" म्हणाली, तर पलीकडून काही नाही. मागे गाड्यांचा आवाज आणि कोणाचा तरी श्वास. "ज्ञाना?" तिने विचारलं. श्वास क्षणभर थांबला, आणि फोन कट झाला. तिने शेजारच्या पोराकडून तो नंबर लावून घेतला, तर बंद. पुढेही बंदच.

पुनमला सांगावं, असं तिच्या मनात अनेकदा आलं. पण जिवंत असून न बोलणारा नवरा सुनेच्या पदरात कसा टाकायचा? तिने सांगितलं फक्त जावेला, लीलाधरच्या आईला, सुनंदाबाईला. त्या दिवशी तिला राहवलं नाही. धावत जाऊन म्हणाली, "अक्का, मना ज्ञाना जिता शे," आणि दोघी जावा गळ्यात गळे घालून रडल्या होत्या.

शेवटी तिचं मन वळवलं ते रूपलने. शाळेत कसलासा अर्ज भरायचा होता, वडील हयात की मयत. पोरीने आजीला विचारलं, "काय लिहू?" तिला रडू येत नव्हतं, ती फक्त पेन धरून बसली होती. दुसऱ्या दिवशी ताईबाई पुनमला म्हणाली, "चाल. कवय जानं शे कोर्टमा?"

दावा दाखल झाला, पेपरात जाहीर नोटीस आली आणि लीलाधरने हरकत घेतली. ज्ञानेश्वर जिवंत आहे, त्याच्याच सांगण्यावरून मी जमीन कसतो, असं त्याचं म्हणणं. मग तारखा पडू लागल्या. कधी जज मॅडम रजेवर, कधी समोरचा वकील गैरहजर. दोघी सकाळच्या एसटीने जायच्या, व्हरांड्यातल्या बाकावर बसायच्या, आणि पुढची तारीख ऐकून परत यायच्या.

ताईबाईचा पुकारा झाला, त्या दिवशी उन्हाचा कडाका होता. ती पिंजऱ्यात उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट केला. खरं सांगेन, अशी शपथ झाली. हितेंद्र वकिलांनी विचारलं तेवढं तिने सांगितलं. मुलगा गेला, आला नाही, खबर नाही. तिची अहिराणी जज मॅडमना सगळी कळत नव्हती, म्हणून वकील मराठीत सांगत होते. तिने म्हटलं, "तो उना नही," म्हणजे आला नाही. टाइप झालं, 'तो मयत झाला असावा.' वाचून दाखवलं, तेव्हा तिने कठडा घट्ट धरला, पण हरकत घेतली नाही.

मग लीलाधरचा वकील उठला. आवाज मऊ होता.

"आजी, मध्यंतरी एकदा दुपारी तुम्हाला मुलाचा फोन आला होता. बरोबर?"

मागे बसलेल्या पुनमने मान वर केली. ताईबाईने लीलाधरकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. सुनंदाबाई आली नव्हती.

"तुम्ही त्याला नावाने हाक मारली. जावेला तुम्ही स्वतः सांगितलं, ज्ञाना जिवंत आहे. सांगितलं की नाही?"

पंखा फिरत होता. जज मॅडम म्हणाल्या, "आजी, उत्तर द्या."

"रॉंग नंबर व्हता," ताईबाई म्हणाली.

"मग जावेला तसं का सांगितलं?"

"मी कोनले काही सांगं नही."

"शपथेवर आहात तुम्ही."

"व्हय. माहीत शे माले."

परतीच्या एसटीत पुनम खिडकीशी बसली होती. गावाचा फाटा जवळ आल्यावर तिने विचारलं, "खरंच आला होता का फोन?"

"कोर्टमा सांगं ना मी."

"मला सांगा. फक्त मला."

ताईबाईने पुढच्या सीटची दांडी धरली. तिला वाटलं, आत्ता सांगितलं तर ही पोर पुन्हा दाराकडे डोळे लावून बसेल, आणि या वेळी तर रागाने. "रॉंग नंबर व्हता, माय," ती म्हणाली. पुनमने तोंड फिरवलं. तिचा विश्वास बसला की नाही, हे ताईबाईला कधीच कळलं नाही.

निकाल पुनमच्या बाजूने लागला. ज्ञानेश्वरला कायद्याने मयत ठरवलं, वारस म्हणून तिघींची नावं लागली. मुलाच्या जमिनीत आईचाही हिस्सा असतो, हे ऐकून ताईबाई म्हणाली, "माले नको." पण वकील म्हणाले, नको म्हणायलाही अंगठा लागेल, तेव्हा तिने अंगठा दिला नाही आणि नाव तसंच राहिलं. ग्रामपंचायतीत मृत्यूची तारीख कोणती लिहायची, यावर घोळ झाला. शेवटी दावा दाखल झाला ती तारीख धरली. दावा टाकायला गेल्या, त्या दिवशी रूपलही सोबत होती. काम झालं म्हणून तिघींनी कोर्टासमोरच्या गाडीवर भजी खाल्ली होती. ताईबाईला ती तारीख ऐकून तेवढंच आठवलं.

दर्भाचा पुतळा करून तापीवर अग्नी दिला तो पुनमच्या भावाने. ताईबाई गेली नाही. मंडळी परत आल्यावर तिने एवढंच विचारलं, "कोन कोन उनं व्हतं?"

मग बाया दारावर येऊ लागल्या. कोणाकडे मयत झालं की गावच्या बाया उंबऱ्याशी बसून रडतात, तशा त्या रडल्या. सुनंदाबाईही आली. लीलाधरने आदल्या आठवड्यातच शेत सोडलं होतं, बांधावरचे कोपऱ्याचे दगड तेवढे उखडून नेले होते. पुनम आत निघून गेली. सुनंदाबाई ताईबाईच्या शेजारी बसली आणि तिने तोंडाला पदर लावला.

"मीच सांगं व्हतं त्याले," ती पदराआडून म्हणाली. "मना पोऱ्या शे ना तो. इचारं, तं सांगाई गयं."

बाकीच्या बायांचं रडणं थांबत आलं होतं. त्यांतली एक म्हणाली, "रडी ले व ताई, मन मोकळं कर." सगळ्या तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. ती भिंतीला टेकून बसून राहिली. आतून पुनमने चहाचे कप आणले, सर्वांना दिले. सुनंदाबाईपुढेही एक ठेवला, तिच्याकडे न बघता.