सातनंतरची बिअर

बाणेरच्या त्या पबमध्ये संध्याकाळी सातच्या आत बिअरच्या एका ग्लासवर दुसरा फुकट मिळतो. म्हणून मी साडूंना आणि मेव्हणीला सहाला बोलावलं, टेबल राखून ठेवलं. दोघं सव्वासातला उगवली. सवलत गेली. साडूंनी किमतीकडे ढुंकूनही न बघता चौघांसाठी आंब्याची बिअर मागवली. त्यांचा पगार माझ्याएवढाच आहे. मला हेवा वाटला तो त्या न बघण्याचा.

"दुकानात अशीच बाटली निम्म्या किमतीत मिळते," मी म्हणालो.

"मग चला, दुकानाच्या पायरीवर बसून पिऊ या!" साडू म्हणाले.

माझी बायको खळखळून हसली. माझ्या बोलण्यावर ती अशी कधी हसली होती, ते मला आठवेना.

पुढच्या शनिवारी मी फक्त तिला तिथेच नेलं, मुद्दाम आठ वाजता. मेनूकार्ड न उघडताच दोन आंब्याच्या बिअर मागवल्या आणि साडूंसारखा ऐसपैस मागे टेकून बसलो.

तिने मेनूकार्ड ओढून घेतलं, किमतींवरून बोट फिरवलं.

"अहो, सातच्या आत आलो असतो तर एकावर एक मिळाली असती ना? तुम्ही कसे विसरलात?"