इंग्रजी पेपर आणि माझं ‘बरोबर’

साल दोन हजार. मी बासष्ट वर्षांचा. शिक्षण मराठी चौथी, पण कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवलेला, त्यामुळे ताठा इंजिनिअरचा. विश्रांतवाडीत आमच्या इमारतीखालच्या बाकावर रोज सकाळी मी इंग्रजी पेपर उघडून बसायचो. फोटो बघायचो, क्रिकेटचे आकडे तेवढे लागायचे. शेजारी विचारायचे, “काय म्हणतंय आज लंडन?” मी म्हणायचो, “सांगून कळणार आहे का तुम्हाला?”

शेजाऱ्यांना माझं सोंग ठाऊक असावं. सूनबाईला मात्र ते खरंच वाटलं. ती यवतमाळकडची, मराठीतून शिकलेली. कॉम्प्युटर कंपनीत मुलाखत होती. क्लासवाल्यांनी शब्दांची छापील पानं दिली होती. शब्द इंग्रजी, अर्थही इंग्रजीच. मुलगा दुसऱ्या पाळीला. तिने पानं माझ्या हातात दिली. “बाबा, मी अर्थ मराठीत सांगते. चुकले की टोका.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चष्मा लावला.

सगळे रमण्याचे आणि आनंदाचे शब्द, असं तीच म्हणाली. मला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. आवाजावरून यंत्र ओळखावं तसा मी तिच्या आवाजावर चाललो. आवाज ठाम असला की “बरोबर.” अडखळली की “पुन्हा.”

“एन्ग्रॉस्ड म्हणजे आनंदानं वेडं होणं.”

“बरोबर.”

“एक्स्टॅटिक म्हणजे कामात बुडून जाणं, भान न राहणं. तुम्ही लेथवरचं सांगता ना, बाबा, अगदी तसं.”

हे ऐकून मी एवढा फुललो की दोनदा बरोबर म्हटलं.

मुलाखतीहून आली ती चपला न काढताच पानं शोधू लागली. नोकरी मिळाली तर कसं वाटेल, असं विचारलं होतं. ही म्हणाली, एन्ग्रॉस्ड. समोरचे तिघेही हसले. मग पुढचं हिला काही सुचलंच नाही.

पानावर बोट ठेवून म्हणाली, “बाबा, एन्ग्रॉस्ड आणि एक्स्टॅटिक, दोन्हींचे अर्थ उलटे झाले होते. तुम्ही तर बरोबर म्हणालात.”

“तू पुटपुटत होतीस,” मी म्हणालो. “पाठांतर पक्कं नको का?”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मलाही. “हो, माझंच चुकलं असेल,” म्हणाली आणि कणीक मळायला गेली. भांडली असती तर बरं होतं. भांडणात मी कुणाला ऐकत नाही. जेवताना नेहमीसारखं “अजून एक पोळी घ्या” म्हणाली. मान वर करायची लाज वाटली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीत बोलावणं होतं, पण आता जात नाही, असं ती मुलाला सांगत होती. कारण तिने सांगितलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर दारातच राहू दिला. कोपऱ्यावरून एक वही आणली. कारखान्यातली माझी स्टीलची पट्टी काढली, पहिल्या पानावर मधोमध रेघ मारली आणि वही स्वयंपाकघरात तिच्यापुढे ठेवली.

“डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. दोन्ही आपल्या अक्षरांत लिही, म्हणजे मी खरंच तपासू शकेन. मला इंग्रजी वाचता येत नाही.”