चनबसप्पाची लाल मोटार

देवणीत आमच्या शेजारी चनबसप्पा आडत्या राहायचा. हैदराबादच्या एका नवाबाकडून त्यानं लाल स्पोर्ट्स कार आणली होती, उघड्या टपाची, दोनच माणसांची. बायकोला, जगदेवीला, तिच्यात कधी बसू दिलं न्हाई. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही प्यायच्या पाण्यासाठी कोसभर चालायचो, अन् हा मुडदा रोज घागरभर पाण्यानं मोटार धुवायचा. पुसायला जगदेवीचं लग्नातलं इरकल लुगडं!

त्याच उन्हाळ्यात जगदेवी बाळंतपणात अडली. मी म्हणाले, "अण्णा, मोटारीनं उदगीरच्या दवाखान्यात न्या."

"गादी खराब होईल," म्हणाला, अन् बैलगाडी जुंपली. पोर वाटेतच गेलं.

लातूर जिल्हा झाला त्या साली चनबसप्पा वारला. आम्हा लिंगायतांत मेलेल्याला बसवून वाजतगाजत नेतात. 'मला माझ्या मोटारीतूनच न्या,' असं त्यानं सांगून ठेवलं होतं. भावकीनं विभूती लावली, हार घातले, त्याला मोटारीत बसवलं. वाजंत्री सुरू झाली, तशी जगदेवी पुढं आली.

"उतरवा त्यांना," ती म्हणाली. "गादी खराब होईल. बैलगाडी जुंपा."