एका शब्दासाठी थांबलेली मुलगी

ती वर्ध्याकडची, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. शनिवार पेठेतल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात नेहमी यायची. प्रत्येक कागद उभ्यानेच वाचायची आणि "काका, एक मिनिट थांबा ना जी" म्हणत अर्धा तास घ्यायची.

गटार साफ करताना गुदमरून मेलेल्या कामगारांबद्दल तिचा कॉलेजातला गट जिनिव्हाच्या एका मानवी हक्क समितीला निवेदन पाठवणार होता. मुदत एका शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंतच होती. त्या दिवशी चार वाजता ती एका मृत कामगाराच्या बायकोला घेऊन आली आणि इंग्रजी मजकूर त्यांना मराठीत सांगू लागली.

"'आत उतरले' असं लिहिलंय?" बाईंनी विचारलं. "ते नको म्हणत होते. मुकादमाने उतरवलं त्यांना."

तिने गटातल्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "एका शब्दाने काय फरक पडतो? पाठवून टाक."

"फरक त्यांना विचार," ती शांतपणे म्हणाली आणि फोन ठेवला. वाक्य बदलून तिने पुन्हा सांगितलं. बाईंनी मान हलवली, तेव्हाच निवेदन ईमेलने गेलं. पाचला चार मिनिटं होती.

समितीचं उत्तर अजून आलेलं नाही. पण त्या दिवशी निघताना बाईंनी विचारलं, "कुठं लिहिलंय ते?" तिने छापील प्रतीवर ओळ दाखवली. न वाचता येणाऱ्या त्या ओळीवर बोट ठेवून बाई बराच वेळ उभ्या राहिल्या.